हॉलिसच्या कुरणातले टर्की

मिलर्स गॅप, मिसूरी
८ सप्टेंबर १९९१

प्रिय व्हर्ना,

खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हात वर जाईल, केस विंचरता येतील, पण बंदूक विसरा. मी म्हटलं, केस राहिले नाहीत, बंदूक होती. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.

तीस वर्षं दर वसंतात रानटी टर्की पक्ष्यांच्या शिकारीला गेलेला माणूस एकदम घरात बसून काय करणार? ओलेटा गेल्यापासून तिचं कपाट उघडलं नव्हतं, त्यात तिचा कॅमेरा सापडला. चर्चच्या सोडतीत लागला होता. तिने तो दोनदा वापरला: एकदा सहलीला आणि एकदा तळघरात पाणी शिरलं तेव्हा, विम्यासाठी. तो घेऊन बाहेर पडलो. सोबत चार फोटो पाठवतोय. तू इतकी वर्षं स्टुडिओत लोकांच्या पोरांचे फोटो सुधारत बसलीस, तर भावाचेही बघ. खरं काय ते सांग.

तुझा,
एमेट

•

टोलिडो, ओहायो
१७ सप्टेंबर १९९१

प्रिय एमेट,

खरं सांगते. पहिल्या फोटोत कुंपण आहे. दुसऱ्यात तुझा अंगठा आहे. तिसऱ्यात तीन काळे ठिपके आहेत. ते टर्की असतील तर मागे तसं लिहीत जा. चौथा त्यातल्या त्यात बरा, त्यात काहीच नाही.

तू भर दुपारी गेलास. दुपारी टर्की काळा दिसतो. तो काळा नसतो. सूर्य मावळायच्या तास-दीड तास आधी, ऊन तिरपं झालं की त्याच्या पिसांतून तांबं, पितळ, बाटलीच्या काचेचा हिरवा, सगळं वर येतं. त्या वेळेला जा. सूर्य उजव्या खांद्यामागे ठेव. खाली बस, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला ये. मग वाट बघ. बाकीचं यंत्र करतं.

आणि एक. तिसऱ्या फोटोत मागे ओढ्याकाठचे सिकॅमोर वृक्ष दिसतात. ते हॉलिसच्या कुरणात आहेत. ज्या माणसाने स्वतःच्या बायकोचा कॅमेरा देऊन त्याच्या बदल्यात शिकारी कुत्रं आणलं, त्याच्या गवतावर माझ्या भावाने पाय ठेवू नये. आमच्या घटस्फोटाला तीस वर्षं झाली, तीस वर्षं तू ठेवला नाहीस. आता म्हातारपणी टर्कीसाठी ठेवू नकोस.

व्हर्ना

•

मिलर्स गॅप
६ ऑक्टोबर १९९१

प्रिय व्हर्ना,

हॉलिसचं नाव काढायची गरज नव्हती. मी तीस वर्षं चर्चमध्ये त्याच्याकडे पाठ करून बसलोय. मी पुढच्या बाकावर असतो, त्यामुळे ते सोपं जातं.

तू म्हणालीस ते सगळं केलं. सूर्य खांद्यामागे ठेवला, खाली बसलो. बसलो ते सोपं, उठायला वेळ लागला. पावणेसहाला ऊन गवताच्या शेंड्यांवर आलं आणि अकरा टर्की रांगेने बाहेर पडले, माद्या आणि यंदाची पिलं. एक मादी वळली तशी तिची पाठ पेटल्यासारखी झाली. बंदुकीच्या नळीवरून तीस वर्षं बघितलं, पण हे कधी दिसलं नाही. तेव्हा बहुधा मी डोकंच बघत होतो.

सहा फोटो आहेत. हे सगळे वरच्या माळावर, आपल्याच हद्दीत काढले.

एमेट

•

टोलिडो
१४ ऑक्टोबर १९९१

प्रिय एमेट,

चौथा फोटो मी आरशाच्या कडेला खोचून ठेवलाय. याहून जास्त कौतुक मी करत नाही, स्टुडिओत कोणालाही विचार.

आता दोन प्रश्न. ओलेटाच्या कॅमेऱ्याची लेन्स साधी आहे. त्या लेन्सने मादीच्या पापण्या दिसतायत, म्हणजे ती तुझ्यापासून दहा-बारा फुटांवर होती. तू तीस वर्षांत एकदाही टर्कीला इतक्या जवळ बोलावू शकला नाहीस. हे कसं जमलं?

दुसरा प्रश्न. सूर्य पाठीशी असला की फोटो काढणाऱ्याची सावली पुढे पडते. तुझी पडलीय, गवतावर लांबलचक, टक्कल ओळखू येतंय. तिच्या शेजारी आणखी एक सावली आहे. ती कोणाची?

व्हर्ना

•

मिलर्स गॅप
२० ऑक्टोबर १९९१

प्रिय व्हर्ना,

टर्की यंदा धीट झालेत. ती सावली कुंपणाच्या खांबाची आहे.

एमेट

•

टोलिडो
२६ ऑक्टोबर १९९१

प्रिय एमेट,

त्या खांबाने हॅट घातलीय.

ओलेटाला जाऊन दोन वर्षं झाली. तू त्रेसष्ट वर्षांचा आहेस, स्वतःचे मोजे स्वतः धुतोस. संध्याकाळी तुझ्या शेजारी कोणी बसत असेल तर मी काही टोलिडोहून ओरडायला येणार नाही. तिचं नाव काय?

व्हर्ना

•

मिलर्स गॅप
३ नोव्हेंबर १९९१

प्रिय व्हर्ना,

नॅडिन. आर्कान्साहून इकडे राहायला आलीय. फार बोलत नाही. टर्कीला बोलवायची तिला हातोटी आहे, वडिलांनी शिकवलं म्हणे. तू हे चर्चमधल्या कोणाला पत्रातून कळवू नकोस.

सोबत तीन फोटो. थंडी पडायला लागली.

एमेट

•

टोलिडो
१५ नोव्हेंबर १९९१

प्रिय एमेट,

मला वाटलंच होतं. टर्कीला बोलावणारी बाई, म्हणजे तुझ्या आयुष्यात आता काही कमी राहिलेलं नाही.

पार्सलमध्ये मोहरीच्या रंगाचा मफलर आहे. गेल्या वर्षी स्वतःसाठी विणायला घेतला होता. नॅडिनला दे. कुरणात बसणाऱ्या माणसाला गळ्याशी ऊब लागते. तिला म्हणावं, एमेटला स्वतःहून काही सुचत नाही, आपणच सुचवावं लागतं. ओलेटानेही तसंच केलं होतं.

व्हर्ना

•

मिलर्स गॅप
१ डिसेंबर १९९१

प्रिय व्हर्ना,

मफलर नॅडिनला आवडला. तसं बोलून नाही दाखवलं, पण रोज गळ्यात असतो. पाच फोटो पाठवतोय. आता ऊन चारलाच उतरतं. पाचवा माझ्या मते आजवरचा सगळ्यात चांगला आहे.

एमेट

•

टोलिडो
९ डिसेंबर १९९१

एमेट,

पाचवा फोटो चांगला आहे. त्याच्या डाव्या कडेला एक हात आलाय. तू तो पाहिला नसशील. लोक मधला टर्की बघतात. मी तीस वर्षं कडा बघायचा पगार घेतला.

मनगटावर माझ्या मफलरचं टोक लोंबतंय. हातात ती लाकडी पेटी आहे, पट्टी घासली की मादीसारखी ओरडते ती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पहिल्या पेरापाशी संपतात.

नॅडिन लाकडाच्या गिरणीत कामाला होती का?

उत्तर पाठवू नकोस.

व्हर्ना

•

मिलर्स गॅप
१६ डिसेंबर १९९१

प्रिय व्हर्ना,

उत्तर पाठवतोय. वाचू नकोस हवं तर.

नॅडिन नावाची कोणी बाई नाही. असती तर बरं झालं असतं, असं या महिन्यात दोनदा वाटलं.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात मी कुंपणाची तार ओलांडून हॉलिसच्या कुरणात गेलो. टर्की तिथेच उतरतात, दुसरीकडे उतरत नाहीत, त्याला मी काय करू? तारेला टेकून बसलो. थोड्या वेळाने हॉलिस आला, हातात बादली घेऊन. मला वाटलं हाकलून देईल, तर तो दहा पावलांवर बादली उपडी ठेवून तिच्यावर बसला. टर्की लांबूनच गेले. तोही गेला. असे चार दिवस झाले.

पाचव्या दिवशी तो म्हणाला, "लेन्स कसली आहे?"

मी म्हटलं, "मी तुझ्याशी बोलत नाही."

"मग त्यांना इथवर आणावं लागेल," तो म्हणाला आणि खिशातून पेटी काढली.

"मी तुझ्याशी बोलत नाही म्हणून सांगितलं ना."

"ऐकलं. मी टर्कीशी बोलतोय."

ते आले, व्हर्ना. रांगेने, आमच्या बुटांपर्यंत. मी फोटो काढले. तो उठला आणि म्हणाला, "उद्या पाच मिनिटं लवकर ये, ढग असणार आहेत." मी पाच मिनिटं लवकर गेलो.

त्याची ती दोन बोटं गेली तेव्हा करवतीच्या दुसऱ्या टोकाला मीच होतो, तुला माहीत आहे. मीच पट्टा काढून त्याचं मनगट आवळलं होतं. तू लग्न करून त्याच्या घरी गेलीस त्याच्या आधीपासून तो माझा मित्र होता. तू गेलीस तेव्हा मी निवड केली, ती बरोबरच होती, मी आजही तेच म्हणेन. पण ओलेटा गेल्यापासून संध्याकाळी पाच ते सात या वेळेचं काय करायचं, ते मला कोणी सांगितलेलं नाही. बाकीचे बावीस तास माझे मी बघतो.

तुझ्याशी खोटं बोललो. मफलर त्याला दिला कारण नॅडिन नव्हती आणि तो खोकत होता.

एमेट

•

मिलर्स गॅप
१९ जानेवारी १९९२

प्रिय व्हर्ना,

तुझं पत्र नाही. फोन केला तर तू उचलून ठेवून दिलास, त्यावरून तब्येत बरी असावी.

मी कुरणात जाणं बंद केलंय. हॉलिसला म्हटलं, "मला यापुढे येता येणार नाही." तो म्हणाला, "तिला कळलं का?" मी हो म्हटलं. त्याने मफलर काढून घडी करून माझ्या हातात दिला आणि बादली उचलून गेला.

सोबतचा फोटो हमरस्त्यावरून काढलाय, गाडीत बसून. रस्ता सरकारचा आहे.

एमेट

•

टोलिडो
२० फेब्रुवारी १९९२

एमेट,

दोन महिने मी रागावलेली होते, आणि खरं सांगायचं तर ते मला मानवत होतं. मग हा तुझा फोटो आला.

भर दुपार. ढगाळ उजेड. गाडीच्या काचेवर तुझ्या कॉफीच्या कपाचं प्रतिबिंब. पलीकडे बर्फात पाच टर्की, जणू कोणी कोळसे सांडलेत. ही माफी असेल तर ती धूसर आली आहे. महिनाभर तो टेबलावर पडून होता. रोज त्याच्याकडे बघत जेवायचं आणि रोज मनात म्हणायचं, या माणसाला आता कुठे हात बसला होता.

तर ऐक. एप्रिलमध्ये नर पिसारा फुलवून नाचतात. तेव्हा सूर्य पाठीशी ठेवायचा नाही. समोर ठेवायचा, म्हणजे उजेड पिसाऱ्यातून आरपार येतो. हे पत्रातून शिकवता येत नाही, मी प्रयत्न करून पाहिला, चार कागद फाडले. बावीस एप्रिलच्या बसने येते. तीन रात्री राहीन.

मी हॉलिसला भेटायला येत नाही. टर्की त्याच्या कुरणात आहेत, याला माझा इलाज नाही. थंडी आहे, त्याचा मफलर त्याला परत दे.

व्हर्ना

•

मिलर्स गॅप
११ मार्च १९९२

प्रिय व्हर्ना,

हॉलिसला सांगितलं. तो "बरं" म्हणाला. मग कुंपणाचे दोन खांब, जे सरळच होते, उपटून पुन्हा सरळ लावले. शनिवारी केस कापून आला. न्हाव्याने विचारलं, कोण गेलं.

मी तुला स्टँडवर घ्यायला येतो. शिकारीचा मोसम असेल, पण इकडे दुपारी एकपर्यंतच परवानगी. एक वाजून गेला की बंदुका घरी जातात आणि तीनपर्यंत टर्कींना ते कळलेलं असतं. आपल्याला आख्खी संध्याकाळ मिळेल.

एमेट

•

मिलर्स गॅप
३ मे १९९२

प्रिय व्हर्ना,

फोटो धुवून आले. औषधाच्या दुकानातल्या पोरीने पाकीट देताना विचारलं, हे खरंच तुम्ही काढलेत? मी म्हटलं, बटण मी दाबलं.

तो तीन नरांचा फोटो पाठवतोय. पिसाऱ्याच्या प्रत्येक पिसाची कड उजळलीय आणि मधून ऊन असं येतंय, जसा चहा काचेच्या पेल्यात. मी तो पंधरा मिनिटं बघत होतो. चूल बंद करायची राहिली.

आता मी जे विचारतोय ते न चिडता वाच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कॉफी आणायला घरी गेलो. मुद्दाम नाही गेलो, थर्मास खरंच रिकामा होता. कॉफी करायला वेळ लागला, तोही खराच. परत आलो तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती. तुमच्यापासून दहा फुटांवर एक मोठा नर पिसारा फुलवून, पंख जमिनीला घासत गोल फिरत होता. ऊन अगदी हवं तसं होतं. कॅमेरा तुझ्या मांडीवर होता. आणि तुम्ही दोघांपैकी एकही जण त्याच्याकडे बघत नव्हता.

तुला मी ओळखतो. तू इतकं चांगलं ऊन वाया घालवणारी बाई नाहीस. तुम्ही काय बोलत होतात?

हॉलिसला विचारलं. तो म्हणाला, "तिला विचार."

एमेट

•

टोलिडो
१२ मे १९९२

प्रिय एमेट,

तू विचारणार हे मला बसमध्येच माहीत होतं. पत्र लिहायला उशीर केला, तो धैर्य नव्हतं म्हणून.

तू गेल्यावर मी कॅमेरा मांडीवर ठेवला. मग हॉलिसने कुरणाकडे बघत विचारलं, "तू कुत्र्यामुळे गेलीस का?"

मी म्हटलं, "नाही."

तो म्हणाला, "बरं."

एवढंच बोललो. उरलेली पस्तीस मिनिटं आम्ही ते ऐकत बसलो होतो.

आता तुला सांगते. त्याने माझा कॅमेरा कुत्र्याच्या बदल्यात दिला तो शुक्रवार होता. मी शनिवारी गेले. पण बसचं तिकीट मी त्याच्या आठ दिवस आधी काढलं होतं. टोलिडोच्या स्टुडिओशी पत्रव्यवहार होऊन नोकरी ठरली होती. तिकीट पिठाच्या डब्यात, पिठाखाली ठेवलं होतं.

हॉलिस वाईट नव्हता. पीत नव्हता, हात उचलत नव्हता, सकाळी माझ्या आधी उठून चूल पेटवायचा. मला फक्त तिथे राहायचं नव्हतं. खिडकीतून तो ओढा दिसायचा, आणि हेच मला सत्तराव्या वर्षीही दिसणार असं वाटून माझा जीव गुदमरायचा. असं कारण आपल्या गावात कोणाला सांगायचं? आईला? धडधाकट, कष्टाळू नवरा सोडून गेलेली बाई म्हणून तिने मला पुन्हा दारात उभं केलं नसतं. मग शुक्रवारी तो ते कुत्रं घेऊन आला आणि मला कारण मिळालं. मी ते आईला सांगितलं, तुला सांगितलं. सगळ्यांना पटलं.

तू त्याच्याशी बोलणं सोडल्याचं मला कळवलंस. मी उलट टपाली लिहिलं, "बरं केलंस." तेव्हा मी खरं लिहू शकले असते, एमेट. पुढच्या वर्षी लिहू शकले असते. ओलेटा गेली तेव्हा तर लिहायलाच हवं होतं. तिच्या दफनाच्या दिवशी तो फाटकाबाहेर हॅट हातात धरून उभा होता आणि तू त्याला आत बोलावलं नाहीस, हे मी डोळ्यांनी पाहिलं. तरी मी बोलले नाही. इतकी वर्षं झाल्यावर खरं सांगणं हे चोरी कबूल करण्यासारखं वाटायला लागतं.

तुझा मित्र मी घेतला. मला माफ कर असं मी लिहिणार होते, पण ते वाचून तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, म्हणून लिहीत नाही.

व्हर्ना

•

मिलर्स गॅप
२४ मे १९९२

प्रिय व्हर्ना,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग कुरणात घेऊन गेलो. कॅमेरा नेला नाही.

हॉलिसला म्हटलं, "तिने तिकीट आधीच काढलं होतं. तुला माहीत होतं?"

"पीठ मीच आणून भरायचो," तो म्हणाला. "डबा घासायला घेतला आणि तिकीट हाताला लागलं."

"केव्हा?"

"मंगळवारी. तीन दिवस विचार केला. म्हटलं, कॅमेराच नसला तर ते स्टुडिओवाले हिला कशाला घेतील? तेव्हा मला ती युक्ती वाटली होती."

"आणि कुत्रं?"

"नुसता कॅमेरा नाहीसा झाला असता तर संशय आला असता."

टर्की आले, आमच्याकडे बघितलं आणि चरायला लागले. मग मी विचारलं, "तर मग तीस वर्षं गप्प का बसलास? गावभर लोक तुला हसतात."

तो म्हणाला, "बायको कुत्र्यापायी गेली म्हटलं की लोक हसतात आणि आपल्या कामाला लागतात. काही न घडता गेली म्हटलं तर नुसतं बघत राहतात. हसलेलं परवडलं."

"आणि मी? मला तरी सांगायचंस. मी काय लोक होतो का रे?"

तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "तू तिचा भाऊ. ती परक्या गावात एकटी. तुला खरं सांगितलं असतं तर तू माझ्याकडे आला असतास. मग तिच्या बाजूने कोण उरलं असतं?"

मी उठलो आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो, तर त्याने माझ्यासाठी घरातली एक खुर्ची आणून ठेवली होती, पाठ असलेली. मी बसलो. तो म्हणाला, "आज ढग नाहीत." मी म्हटलं, "नाहीत." त्या दिवशी चांगले फोटो आले, नंतर पाठवीन.

मी तुझ्यावर रागावलोय. तू लिहिलंस ते बरं केलंस आणि तरीही रागावलोय. दोन्ही एकदम जमतं, मी करून पाहिलं. हॉलिस म्हणतो की तो रागावलेला नाही, तीस वर्षांत त्याचा संपला. माझा आत्ताच सुरू झालाय, मला थोडा वेळ लागेल.

जूनच्या मध्यावर पहिलं गवत कापायचं आहे, त्याचं आणि माझं एकत्र. गठ्ठे उचलायला हॉलिसचे पुतणे येतील. ट्रक चालवायला माणूस नाही. तुला ट्रक चालवता येतो. ये. तोपर्यंत माझा राग उतरलेला असेल. नसला तर तू काच वर करून चालव.

एमेट